बुचाचं बोट

बसचा ड्रायव्हर बायकोचं कौतुक करायला लागला की पुढच्या सीटवरचे नेहमीचे प्रवासी खिडकीबाहेर बघायला लागायचे. त्यांना सगळं पाठ होतं. बायको हातमोज्यांच्या कारखान्यात आहे, तिनं शिवलेला मोजा फाटेल पण उसवणार नाही, आणि हे बघा, स्टिअरिंगवर माझ्या हातात आहेत ते तिनेच शिवलेले. माणूस सरळ होता, पण बढाई मारायची खोड काही केल्या जात नव्हती. गंमत म्हणजे त्यातली एकही बढाई खोटी नव्हती.

कारखान्यात तिला सगळ्या जणी मास्तरीण म्हणत, कारण नवी येणारी प्रत्येक मुलगी आधी तिच्या शेजारच्या मशीनवर बसायची. मास्तरीण शिकवताना फार बोलायची नाही. मोजा उलटा करायची, शिवण बोटाखालून फिरवायची आणि चुकलं असेल तिथे नख टेकवायची. बाकी सगळा वेळ ती शीळ घालायची. मशीनच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, पण तिची शीळ त्या गोंगाटातून आरपार जायची आणि अख्खी रांग तिच्या चालीवर हात चालवायची. एकदा नव्या सुपरवायझरनं शिळेवर बंदी घातली. त्या दिवशी माल इतका रडतखडत निघाला की दुसऱ्या सकाळी तोच येऊन म्हणाला, "घाला बाई, काय घालायची ती शीळ घाला."

तर ही मास्तरीण निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी कुणीतरी विचारलं, आता घरी बसून करणार काय? ती पटकन म्हणून गेली, "फुंकायचं वाद्य शिकणार." सगळ्या हसल्या, तीही हसली. तिला न्यायला आलेला ड्रायव्हर दाराशी उभा होता. त्याला मात्र कळलं की बाई हसतेय, पण थट्टा करत नाहीये.

घरी जाताना तिनं त्याला सांगितलं. लहानपणी भिंतीपलीकडे एक क्लॅरिनेटवाला राहायचा. तो सराव करायचा आणि ही भिंतीला कान लावून उभी राहायची. वाद्य मागायची सोय नव्हती. "शिळेला पैसे पडत नाहीत ना, म्हणून शीळ शिकले," ती म्हणाली. इतकी वर्षं एका छताखाली काढून हे त्याला आज कळत होतं. आता त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या सभागृहात एक म्हातारा बँडमास्तर मोठ्या माणसांना अगदी पहिल्यापासून शिकवणार होता. वाद्य ज्याचं त्याने आणायचं आणि शेवटी तिथल्याच मंचावर सगळ्यांनी मिळून वाजवायचं, एवढीच अट.

ड्रायव्हरनं ठरवलं, वाद्य आपण घ्यायचं आणि तिला न सांगता घ्यायचं. त्याला स्वतःला साधी शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नव्हती, पण दुकानात तो असा शिरला की जणू आयुष्यभर बँडच चालवतोय.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं आधी खिशाचा अंदाज घेतला आणि मग समजावलं. नवख्या माणसानं एकदम भारी वाद्य घेऊ नये, पण बाजारातलं अगदी स्वस्त, रंगीत, झगमगीतही घेऊ नये. ते मुळात सुरात नसतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. सुरुवातीला लाकडी रेकॉर्डर बरा, शाळेतली पोरं शिकतात ती उभी बासरी. उभा धरायचा, टोकाकडून फुंकायचं, आवाज लगेच निघतो. बोटांनी भोकं झाकली की झालं. मग त्यानं विचारलं, "त्यांचे हात कसे आहेत? बोटं लहान आहेत का?"

"हात?" ड्रायव्हर छाती पुढे काढून म्हणाला, "अहो, निम्म्या जगाचे हातमोजे शिवलेत त्या हातांनी. बोटं एकदम नंबर एक!"

घरी मास्तरणीनं खोकं उघडलं आणि बराच वेळ नुसतं लाकडावरून हात फिरवला. मग फुंकलं. वरचे सूर छान निघाले. ड्रायव्हर खुर्चीत रेलून, हे आपणच वाजवतोय अशा थाटात मान डोलवायला लागला. ती एकेक बोट टेकवत खाली उतरली आणि शेवटाशी वाद्य चर्रकन किंचाळलं. तिनं पुन्हा केलं, ते पुन्हा किंचाळलं. मग तिनं हाताकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं, ते पुसून खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, "छान आहे हो. दमले मी आज."

त्यानंतर खोकं कपाटातून बाहेर आलं नाही. घरात शीळसुद्धा ऐकू येईना. ड्रायव्हर हवालदिल झाला. आपण स्वस्तातलं आणलं म्हणून ती रुसली की काय, की शाळेतल्या पोरांचं वाद्य दिलं म्हणून तिला लाज वाटली? विचारावं तर ती म्हणे, "काही नाही, होईल सवय." आणि सभागृहातला वर्ग तर पुढच्या आठवड्यात सुरू होणार होता.

शेवटी मुलगी आली. ती दवाखान्यात नर्स, सासर जवळच. आई स्वयंपाकघरात असताना बापानं तिला कपाटापाशी नेऊन सगळी कर्मकहाणी सांगितली. मुलीनं रेकॉर्डर हातात घेतला, भोकांवर बोटं ठेवली आणि तिथेच थांबली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आईचं बोट."

"कुठलं बोट?"

मुलीनं आपलं एक बोट अर्ध्यात दुमडून त्याच्यासमोर धरलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट. त्याचं वरचं पेर नव्हतं. लग्नाच्याही आधी, कारखान्यात लागल्या लागल्या, कातडं कापायच्या मशीनमध्ये ते गेलं होतं. दोघांची पहिली भेट झाली तेव्हा तिनं स्वतःच तो हात त्याच्या नाकासमोर धरला होता. "नीट बघून घ्या. मागाहून तक्रार चालणार नाही." त्यानं तेव्हा एकदा नीट बघितलं होतं. नंतर त्या हातानं मोजे शिवले, पोर वाढवली, बसच्या सीटची फाटलेली कव्हरंसुद्धा शिवून दिली, आणि कधी काही अडलंच नाही. जे अडत नाही ते माणूस कशाला लक्षात ठेवेल? दुकानदारानं सरळ विचारलं होतं आणि हा गाढव छाती काढून उत्तर देऊन आला होता.

ती दारात येऊन उभी राहिली होती. "तुम्ही विसरलात याचं काही नाही हो," ती म्हणाली. "मीच विसरले होते. खोकं उघडताना किती खूश होते मी! त्या खालच्या भोकावर टेकवायला गेले आणि बघते तर बोट पोचेना." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे. शीळ आहे की माझ्याकडे."

ड्रायव्हरला एकाच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिचा अभिमानही दाटून आला. स्वतःचं तुटलेलं बोट विसरण्याइतकं काम करणारी बाई आपल्या घरात आहे. हे बसमध्ये सांगण्यासारखं होतं, पण आधी दुकान गाठायला हवं होतं. "चपला घाल," तो म्हणाला. "जाऊ दे बिऊ दे काही नाही. हे परत करू आणि दुसरं बघू. या खेपेला हात दाखवून."

दुकानात तिनं आपणहून काउंटरवर हात ठेवला. दुकानदारानं तो निरखून पाहिला आणि कामाला लागला. बांबूची बासरी बाजूला सारली, तिथेही भोकं बोटांनीच झाकायची. क्लॅरिनेट हातात दिलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली, पण त्यालाही बोटांखाली उघडी भोकं होती. तिनं ते परत देताना नळीवरून अंगठा फिरवला, तेवढंच. सॅक्सोफोनला सगळ्या भोकांवर गादीची झाकणं होती. बोटाचं टोक असो नसो, चावी दाबली की पुरे. पण त्याचं वजन गळ्यात अडकवायचं, आणि मशीनवर वाकून वाकून तिची मान केव्हाच कामातून गेलेली. शिवाय किंमत ऐकून ड्रायव्हरचीही मान दुखायला लागली.

"मग ही बघा," दुकानदार म्हणाला. त्यानं मागून एक जुनं खोकं आणलं. आत धातूची आडवी बासरी, फ्लूट. कुणा विद्यार्थ्याची वापरलेली, कड्यांवरची चकाकी उडालेली, एका जागी पोचा आलेला. पण गाद्या नव्या घातलेल्या आणि प्रत्येक भोकावर पक्कं झाकण. "एकच अडचण. हिच्यातून पहिले काही दिवस आवाजच निघत नाही. नुसती हवा जाते. कंटाळू नका."

त्यानं फक्त वरचा तुकडा तिच्या हाती दिला. तिनं तो ओठांशी नेला, नेहमीसारखे ओठ आवळले, अगदी शीळ घालताना आवळायची तसे, आणि फुंकलं.

दुकानभर सूर घुमला. लांब, सरळ, कुठेही न थरथरणारा. मागच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करणारी बाई हातातला पेचकस तसाच घेऊन बाहेर आली. "कोण वाजवतंय?"

"माझी बायको," ड्रायव्हर म्हणाला. आणि त्यानं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

फ्लूट जोडून तिनं बोटं ठेवली. आखूड बोट चावीच्या वरच हवेत राहिलं. हात वाकडा केला तर पोचत होतं, पण मग बाकीची बोटं सुटत होती. ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला, "अगं, तू मोजेवाली! बोटाला एक टोपी शिव ना, लांब होईल."

मास्तरीण त्याच्याकडे वळली. कारखान्यात चुकीच्या शिवणीवर नख टेकवताना असायचा तसा चेहरा झाला तिचा.

"बोट माझं ठीक आहे," ती म्हणाली. "चावी आखूड आहे."

दुरुस्तीवालीला हे इतकं पटलं की ती लगेच बुचाचा तुकडा घेऊन बसली. तो घासून घासून बेताचा केला आणि चावीवर चिकटवला. मास्तरणीनं पाहिलं आणि पर्समधून मोज्यांच्या पातळ कातड्याची एक चिंधी काढली. असल्या चिंध्या तिच्या पर्समध्ये कायम असत. "वरून हे लावा. नाहीतर घामानं घसरेल." दोघींनी मिळून ते बसवलं. मग तिनं पुन्हा बोटं ठेवली, या खेपेला सगळी बसली, आणि ती एकेक पायरी उतरत खाली गेली. शेवटी आखूड बोट बुचावर टेकलं तेव्हा खालचा सूर भरदार निघाला. तो सूर तिनं दम संपेपर्यंत सोडलाच नाही.

सभागृहातल्या कार्यक्रमाच्या दिवशी ड्रायव्हर पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "ती डावीकडची. पोचा आलेली फ्लूट." पुढचं सगळं तो सांगणारच होता, पण वादन सुरू झालं. कुणाचा सूर चढला, कुणाचा श्वास संपला, एक क्लॅरिनेटवाला तर मधेच हरवला तो थेट शेवटी सापडला. पण तळाचा सूर आला तेव्हा बँडमास्तरनं तिच्याकडे हात केला आणि तो तिनं एकटीनं धरून ठेवला. मागच्या रांगांत तिच्या कारखान्यातल्या बायका बसल्या होत्या. टाळ्या वाजायच्या आधी त्यांच्यातल्या एकीनं अशी सणसणीत शीळ घातली की मंचावर मास्तरणीला हसू आवरेना.

पुढच्या वर्षी मुलीच्या लेकीनं हट्ट धरला, मलाही आजीसारखी फ्लूट हवी. सगळं घर पुन्हा त्याच दुकानात. दुकानदारानं लहान मुलांच्या हाताला पुरेल अशी, तोंडाकडचं टोक वळवलेली एक फ्लूट काढली. खिशाला झेपेल अशी, तरी कोरी करकरीत. पोरीनं ती उलटसुलट करून बघितली, चाव्या तपासल्या आणि नाक मुरडून काउंटरवर ठेवली.

"ही नको. ही अर्धवट आहे."

"अर्धवट कशी?" दुकानदार बुचकळ्यात पडला.

"हिला बूच कुठाय? आणि वरचं कातडं? आजीच्या फ्लूटला आहे."

सगळे मास्तरणीकडे बघायला लागले. तिनं आपला हात नातीपुढे धरून सांगायला तोंड उघडलं, की बाळा, ते बूच माझ्या या बोटासाठी, तुझी बोटं चांगली आहेत. पण पोरगी इतक्या ठामपणे उभी होती की आजीला ते सांगवेना. तिनं पर्स उघडली आणि कातड्याची चिंधी शोधायला लागली. ड्रायव्हरनं मागच्या खोलीतल्या दुरुस्तीवालीला हाक मारली. "ताई, जरा पातळसं बूच लावून द्या हो हिलाही. आमच्या घराण्याची फ्लूट तशीच असते."