सदतीस ओव्यांची कॉपी

मावशीच्या घशातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मावशीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "मंग त्याच्या आदी माझ्या ओव्या भरून घे बाबा. पोरींना व्हतील."

पोरी म्हणजे तिच्या दोन मुली. थोरली आष्टीला दिलेली, धाकटी पुण्याकडे. मावशी घाटनांदूरला एकटी राहते. मी वडवणीला असतो आणि आयटीआयमध्ये मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे असली कामं घरात माझ्याच गळ्यात पडतात. हे काम मात्र मी हौसेने घेतलं. मोबाइलवर भागलं असतं, पण मला चांगला माइक लावायचा होता आणि थोडी विद्याही दाखवायची होती. माझ्याकडे पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर होता. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, सगळं नखाएवढ्या मेमरी कार्डात साठवतो. त्याला स्वतःचा पडदा नसतो, तो नेटवर्कवरून लॅपटॉपवर पाहायचा.

पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत मावशीला खुर्चीवर बसवलं. साहेबापुढे बसल्यासारखी ती अंग चोरून बसली. दोन ओळी म्हणाली, तिसरी आठवेना. मी आवाज चढवून म्हणालो, "रोज म्हणतेस की. आता कावून अडलीस?"

"हातात खुंटा न्हाई ना," ती म्हणाली. "जात्यावर बसू दे, मंग बघ."

जातं मागच्या छपरात होतं, आणि प्लग पुढच्या खोलीत. मी चार्जरची वायर मधोमध कापली, घरात पडलेली बेलची बारीक वायर तिला जोडली, वर टेप गुंडाळला आणि कॉम्प्युटर जात्याशेजारी नेऊन ठेवला. एक्स्टेन्शन बोर्ड आणायला बाजारापर्यंत जावं लागलं असतं, आणि खिशात पक्कड असलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो. मावशीने पसाभर ज्वारी वैरली, खुंटा धरला आणि जी सुरू झाली ती थांबेना. आईकडून आलेल्या ओव्या, सासूकडून आलेल्या, दीक्षा घेतल्यानंतर वस्तीतल्या बायांनी रचलेल्या, आणि काही तिच्या स्वतःच्या. चार दुपारी मिळून सदतीस झाल्या. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यात भरती केलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज गेला तो गेलाच. पुढे घरी आल्यावर ती पाटीवर लिहून बोलायला लागली. चाळिशीनंतर विहारातल्या वर्गात शिकलेलं लिहिणं असं कामी येईल असं कुणाला वाटलं होतं?

मी दोन्ही मुलींसाठी पेन ड्राइव्ह भरले. माझ्या घरी, त्याच छोट्या कॉम्प्युटरवर, त्याच चार्जरने. कॉपी पूर्ण झाल्याचं लॅपटॉपवर दिसलं. दोन-तीन ओव्या लावून पाहिल्या तेव्हा कुठे कुठे खरखर ऐकू आली, ती मी जात्याची घरघर समजलो आणि पेन ड्राइव्ह कुरियरने पाठवून मोकळा झालो.

आठवड्याने थोरलीचा फोन आला.

"दादा, आई ओवी म्हणता म्हणता मधीच थांबती. मंग कायतरी करकर वाजतंय आन् पुढचीच ओळ येती. असं एकीत न्हाई, लई ओव्यांत हाय." मग तिने विचारलं, "तुमच्याकडं चांगली हाय ना?"

माझ्याकडे फक्त ते कार्ड होतं. मी ते त्याच छोट्या कॉम्प्युटरला लावून, स्पीकर जोडून ऐकलं. कार्डावरही ओवी मधेच तुटली. कार्डच नासलं असेल, तर मावशीचा आवाज जगात कुठेच शिल्लक नव्हता. तो परत भरायची सोय नव्हती.

घाबरलो की मला आधी राग येतो, आणि रागाला लगेच कुणीतरी लागतं. मला मावशीची सवय आठवली. गावात लाइट येताना कधी कधी असा झटका देते की एकदा तिचा टीव्ही त्यात गेला होता. तेव्हापासून लाइट गेली, किंवा ती घराबाहेर निघाली, की ती आधी मेन स्विच पाडते. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल खराब होते, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. दोन्हींची सांगड घालायला मला क्षणही लागला नाही.

रविवारी सगळं सामान घेऊन घाटनांदूरला गेलो. पाणी प्यायच्या आधीच तोंड सुटलं. "मावशे, रेकॉर्डिंग चालू असताना मेन पाडलास ना तू? सगळ्या ओव्या नासल्या बघ. कितीदा सांगितलं होतं तुला."

आवाज नसलेल्या माणसाशी भांडणं फार सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिने पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. 'न्हाई. मशीन चालू होतं तवर मी मेनला हात लावला न्हाई. भ्या वाटत होतं तरी.'

चहाही घेतला नाही. कामाला बसलो.

प्रत्येक फाइलमधल्या सगळ्या आकड्यांचा हिशोब करून कॉम्प्युटर एक लांबलचक संख्या काढून देतो. मूळ फाइलची आणि कॉपीची संख्या जुळली, तर कॉपी अस्सल. आयटीआयमधल्या माझ्या सहायकाला हे रोज करायला लावणाऱ्या मी मावशीच्या ओव्यांच्या वेळी मात्र ते केलं नव्हतं. आता एकाच ओवीच्या दोन कॉप्या काढल्या. संख्या मूळ फाइलशी जुळेना, आणि त्या दोन्हींचीही आपसात जुळेना. मग पेन ड्राइव्ह तसाच लावलेला ठेवून, कॉपी न करता कार्डावरच्या त्याच फाइलची संख्या दोनदा काढली. तीही दोनदा वेगळी आली. तेव्हा जरा जीवात जीव आला. फाइल नासली असती, तर प्रत्येक वेळी एकाच जागी, एकसारखी नासलेली दिसली असती. म्हणजे ओवी कार्डात शाबूत असू शकत होती, वाचताना गडबड होत होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. पेन ड्राइव्ह बदलला, फरक नाही. कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, फरक नाही. तेवढ्यात लॅपटॉपचं नेटवर्क गेलं, म्हणून छोटा कॉम्प्युटर मावशीच्या नव्या टीव्हीला जोडला. त्याला पडदा असा मी पहिल्यांदाच लावत होतो. कॉपी सुरू केली आणि वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली. वीज कमी पडतेय, याची ती खूण.

वीस फूट बारीक वायरीतून जाताना व्होल्टेज पडतं. हा धडा मी वीस वर्षं फळ्यावर काढतोय. नुसता माइक होता तोवर कसंबसं भागलं. पेन ड्राइव्ह किंवा स्पीकर जोडला की सगळ्याला पुरेशी वीज मिळेना आणि आकडे वाटेतच बिघडत. असा जोड एखाद्या विद्यार्थ्याने केला असता, तर त्याला मी वर्गात उभं करून सोलून काढलं असतं.

मावशीच्या मोबाइलची जाड, आखूड वायर घेतली. पिवळी वीज दिसली नाही. एकेक ओवी कॉपी करून संख्या ताडून पाहिली. सदतीसच्या सदतीस जुळल्या.

मावशी दारात बसून गवार मोडत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "चूक माझीच होती. वायर मीच जोडली होती. तुला उगीच बोललो." तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मग टीव्हीकडे बोट केलं. लाव, अशी खूण केली.

मी पहिली ओवी लावली. जातं घरघरलं आणि तिचा आवाज खोलीत आला, कुठेही न तुटता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. गवार ओच्यात तशीच राहिली. तिचे ओठ आवाजाबरोबर हलायला लागले, अगदी ठेक्यात. ओवी संपली. पुढची लावायला मला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात ती पुढची ओवी म्हणायला लागली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. खोलीत आवाज मात्र काहीच नव्हता.