यादीतला तो एक

बाबांना कामावरून कमी केलं तेव्हा मी वाशीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि बाबा बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. ‘काम समाधानकारक नाही’ एवढंच पत्रात होतं. बाबा म्हणाले, खात्यात अशी पत्रं मिळालेले बहुतेक आपलेच, बौद्ध. मॅनेजर म्हणे, योगायोग.

संख्याशास्त्राच्या सरांना मी चाचरत विचारलं, हे मोजता येईल का. ते म्हणाले, नुसते काढलेले मोजू नकोस, ठेवलेलेही मोज. आणि एकही नाव गाळू नकोस.

पण हजेरीपटावर जात नसते. मी बाबांच्या खात्यातली नावं उतरवून घेतली आणि एकेक त्यांना विचारत गेलो. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाच्या डब्यात हात घालतो, यावरून ते सांगायचे. आपले म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ बसणारे. मी त्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने ठिपके देत होतो. एका नावाशी बाबा थांबले. हा माणूस दुसऱ्यांच्यात बसायचा, आडनावावरूनही कळत नसे. पण बाबा त्याच्या लग्नाला गेले होते.

“तोही आपलाच,” ते हळूच म्हणाले.

तो अजून कामावर होता. त्याला गाळलं असतं, तर आमच्यातला एकही ठेवला नाही असं दिसलं असतं. मला सर आठवले. मी ठिपका दिला.

बाबांनी तो कागद कारखान्यातल्या युनियनच्या माणसाला दिला, त्याने तो जसाच्या तसा मॅनेजरपुढे ठेवला. मॅनेजरने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, नाव मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “याला तर ठेवलाय ना आम्ही? मग भेदभाव कसला?”

दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्या माणसाला कुणी सरकून जागा दिली नाही. टाकीजवळ तर आता कुणीच नव्हतं. तो मशीनपाशी उभ्याने जेवला म्हणे. महिन्याभरात त्यालाही पत्र आलं, त्याच शब्दांचं.

ते घेऊन तो आमच्या खोलीवर आला. बाबांनी पाणी दिलं, ते त्याने तसंच ठेवलं.

“मला एकदा विचारायचंस रे,” तो मला म्हणाला.

मी काहीतरी पुटपुटलो, नाव गाळायचं नसतं असं काहीसं.

पुढे युनियनच्या माणसाने नवा कागद मागितला. आता खात्यात आपला एकही नव्हता. मी पेन्सिल घेऊन बसलो, तर बाबा म्हणाले, “राहू दे.”

त्यांना परत कामावर घेतलं नाही.