पंख्याची घरघर

टायपिंगची कामं घेणाऱ्या त्या सूनबाईचा कॉम्प्युटर म्हणजे नुसतं रडगाणं होतं बघ. एक पान उघडेपर्यंत कपातला चहा निवायचा. हातची कामं जायला लागली, तेव्हा तिनं पोटाला चिमटा घेऊन दुरुस्तीवाल्याकडनं वापरलेली पण धड डिस्क आणि मेमरी बसवून घेतली. कॉम्प्युटरच्या आतला घरघरणारा पंखाही त्यानं बदलला. म्हणाला, "वहिनी, आता मांजराच्या पावलानं चालेल."

चाललाही तसाच. पण खाटेवरच्या सासऱ्यांची नजर गेलेली. सून जवळ बसलीय, हे त्यांना त्या घरघरीवरनंच कळायचं.

"सूनबाई, गेलीस का गं मला टाकून?"

"इथंच आहे मामंजी, हाताच्या अंतरावर."

घटकाभरानं पुन्हा तेच. म्हातारा रडकुंडीला यायचा आणि हिच्या ओळी चुकायच्या. शेवटी ती जुना पंखा परत मागायला गेली.

दुरुस्तीवाला हसला. "अहो, तो कधीच भंगारात गेला!"

तेव्हापासून ती टाइप करताना शब्दन् शब्द मोठ्यानं वाचते. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या मयताचा अर्ज, सगळं. तिचा घसा बसतो, म्हातारा निवांत झोपतो. काम मात्र परत पहिल्यासारखंच रखडतं.