साडूची पद्मिनी

"दाजी, रेस नका करू! मागची चाकं वाळूत चालली!" मेव्हणा काठावरून ओरडत होता.

आजही क्लच जळल्याचा वास आला की दुष्काळातली ती कोरडी मांजरा नदी दिसते. आम्ही दोघे साडू निलंग्याकडच्या सासुरवाडीला निघालेलो. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यामुळे लातूरचा साडू कलेक्टरसारखा मिरवत होता. त्याची काडेपेटीएवढी पद्मिनी वाळूतून सरसर पार झाली. माझी हत्तीसारखी अँबॅसिडर मात्र जागेवरच अशी फिरली, की उडालेली वाळू नांदेडात पडली असेल! सगळी सासुरवाडी बघत होती. मी दार आपटून खाली उतरलो.

"त्याचीच कशी गेली गं?" मी बायकोला विचारलं.

"मागं वजन होतं. आईसाठी डिकी भरून पाणी आणलंय त्यांनी."