थोरलीची पेटी

शनिवारी कोल्हापुरात एका कॉलेजात माझ्या कादंबरीवर चर्चा होती. उसाच्या रानातलं एकटं घर, दुसरेपणावर आलेली नवरी, मेलेल्या पहिल्या बायकोची बंद पेटी... अशी भीतीची आणि प्रेमाची कादंबरी आहे ती.

एक प्राध्यापक खूप अभ्यास करून आले होते. पेटी म्हणजे मृत्यू, नवरीच्या गळ्यातला टाक म्हणजे फास, असं त्यांनी फळ्यावर लिहूनच दाखवलं. मग म्हणाले, "मॅडम, एकच चूक झाली. अशा कादंबरीत शेवटी पेटी जळायला हवी. तुम्ही घाबरलात."

मी घाबरले?... माइक हातात घेतला आणि जे इतक्या वर्षांत घराबाहेर सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. इथेही सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एकवीस वर्षांची, कुरुंदवाडच्या शिक्षकाची मुलगी, कसबा बावड्यात दुसरेपणावर दिलेली. लग्नातच सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून माझ्या गळ्यात पहिल्या बायकोचा टाक बांधला... चांदीच्या पत्र्यावर उठवलेली, बोटाच्या पेराएवढी बाई. तिचं नाव सुमन. घरात सगळे तिला थोरली म्हणायचे.

थोरली जाऊन दोन वर्षं झाली होती, पण घर तिचंच होतं. तिचा आरसा, तिची फणी, आणि माजघरात लाल कापडाखाली तिची बाजाची पेटी. "पेटीवर बसली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची," असं आत्याबाई येईल त्याला सांगायच्या. मीही शाळेत असताना चार वर्षं पेटी शिकले होते, पण त्या घरात ते बोलायची सोय नव्हती.

माहेरी असताना लायब्ररीतल्या भयकादंबऱ्या मी चिक्कार वाचल्या होत्या. त्यामुळे आता आपलं काय होणार हे मला पाठ होतं... आधी वस्तू हलतात, मग कुठूनतरी गाणं ऐकू येतं, मग नवी बाई वेडी होते.

लग्नाला महिना झाला असेल. हे ऑफिसला गेले होते. दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "ती पेटी देवळातल्या भजनी मंडळाला दिऊन टाकू. फडकं मार तेवढं. वाजवू नगंस."

मी पेटी उचलली मात्र... ती आपोआप वाजली. एकच सूर, लांबलचक, रडल्यासारखा.

मी किंचाळले. आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"वाजीवलीस व्हय?"

"नाही हो. आपोआप वाजली."

"बघ! रागावली ती. आजच्या आज धाडतो देवळात."

खरं तर मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते. टाक गळ्याला गार लागत होता... पण कुणास ठाऊक कसा, त्या क्षणी मला त्या भीतीचाच राग आला. पेटी गेली तर ती बाई कायमची तशीच राहणार होती, सुंदर, सुरेल, रागावलेली. आणि मी जन्मभर तिच्या जागेवर आलेली.

मी तिथेच फतकल मारून बसले आणि झाकण उघडलं.

आत पट्ट्यांवर दवाखान्यातल्या चिकट प्लास्टरचे बारके तुकडे लावले होते. त्यांवर बॉलपेनने, वळणदार अक्षरात लिहिलेलं... सा, रे, ग, प, ध. म आणि नी कोरे. 'ग'वरच्या प्लास्टरचा चिकटा उन्हाळ्यात पाघळून शेजारच्या पट्टीला लागला होता, आणि 'ग' दबलेलाच राहिला होता. भाता हलला की वाजणारच ना!

पाच सूर. म्हणजे भूप. पेटी शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला देतात तो राग.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ही तर अजून शिकत होती."

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या.

"सा म्हैने शिकली," मग म्हणाल्या. "तेच तेच वाजवायची. मी वरडायचो, भांडी काय तुझा मास्तर येऊन घासणार हाय?... मग आजारीच पडली की पोरगी." पिठाचा हात त्यांनी तसाच डोळ्यांना लावला. "रस्त्यात कुणीबी थांबत न्हवतं."

"पेटी कुठेही जाणार नाही." त्या घरात मी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले.

"आन् रागावली म्हंजे?"

"तर तिला सांगा, राहिलेले दोन सूर मी शिकवते म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा, टाकाकडे नाही, माझ्याकडे. "लई शानी हाईस," एवढंच म्हणून उठल्या. मीही सवयीने उठले, मोरीत भांडी पडली होती.

"बस खाली," आतून आवाज आला. "भांडी मी घासतो. तू वाजीव."

...एवढं सांगून मी माइक खाली ठेवला. प्राध्यापकांना म्हटलं, सर, तुमचं फळ्यावरचं राहू द्या, पण दुसऱ्या आवृत्तीतही पेटी जळणार नाही. ज्या बाईला घरच्यांनी भूपसुद्धा पुरा करू दिला नाही, तिला भूत करून वर तिची पेटी मी जाळू?

ती पेटी आजही माझ्याकडे आहे. पाच सूर सुमनच्या अक्षरात, म आणि नी माझ्या. टाकही अजून गळ्यात आहे... फास म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. त्या घरातली माझी पहिली मैत्रीण आहे ती.