बोका उत्तनला पाठवला ते दोन दिवस

साडेसात किलोचा बोका कपाटावरून खाली उडी मारतो तेव्हा आवाज कसा येतो, ते माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. ती बिचारी हात जोडून म्हणाली होती, "भाभी, सुबह पाँच बजे क्या गिराते हो?" मी काय सांगणार तिला? मी काही पाडत नाही, माझ्या मुलीचा बोका स्वतःच पडतो, आणि पडून पुन्हा चढतो.

बोका मेन कून जातीचा. हे मला आता पाठ झालंय, कारण दारात आलेला प्रत्येक जण विचारतो, "हे मांजर आहे की कुत्रा?" शेपूट म्हणजे बाटली घासायचा ब्रश, तोही मोठ्या बाटलीचा. मुलीने हौसेने आणला, त्याला इंग्रजी नाव दिलं, आणि सहा महिन्यांत तिला बंगळूरला नोकरी लागली. तिथे राहायला मिळालेल्या जागेत प्राणी चालत नाहीत. "सहाच महिने गं आई," म्हणाली. त्याला आता दीड वर्ष झालं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी तिकडे, आणि पेणकरपाड्यातल्या या वन बीएचकेमध्ये मी आणि हा. मी त्याला बोक्या म्हणते. बऱ्या मूडमध्ये असले तर. एरवी मेल्या.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, अल्टरेशन. हॉलमध्ये खिडकीपाशी मशीन, शेजारी कापडांचं टेबल, आणि त्या टेबलावर बोका. रिळं त्याने ढकलायची आणि मी पलंगाखालून काढायची. कपाटाचं दार पंजाने उघडायचं, पाण्याचं भांडं उलटं करायचं, त्यातच थापा मारत बसायचं. आणि सारखं रडायचं. खिडकीत बसून कबुतरांकडे बघत असं रडायचा की रस्त्यावरचे लोक वर बघायचे. मला वाटायचं, भूक लागली असेल. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात कुणी कुरकुरलं की आधी ताट वाढतात, विचारतात मागाहून. मी मांदेली उकडून, काटे काढून, बशीत घालून समोर ठेवायची. जावयाचाही कुणी एवढा मान ठेवत नसेल. तो खायचा आणि पुन्हा कपाटावर.

मुलगी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि पहिल्यांदा त्यालाच बघायला मागायची. सांगायची, आई, ही जात उड्या मारणारी आहे, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं खेळ त्याच्याशी, नाहीतर तो तुझ्याच वस्तूंशी खेळणार. एक काठी पाठवली होती तिने कुरिअरने, टोकाला दोरी आणि दोरीला पिसं. ती मी प्लास्टिकसकट माळ्यावर टाकली. पन्नाशी उलटलेली बाई मी, डोक्यावर ग्राहकांच्या तारखा, आणि बोक्यासमोर पिसं नाचवू? मुलीला मात्र हो हो म्हणत राहिले.

मग ती साडी आली. बाजूच्या विंगमधल्या बाईंची, त्यांच्या मुलीच्या लग्नात नेसायची, रेशमी, गर्द जांभळी. फॉल लावायला दिली होती. मी टेबलावर पसरली आणि दुधाचा गॅस बंद करायला आत गेले. तेवढंच. परत आले तर पदर टेबलावरून खाली लोंबत होता आणि हा त्या पदराला लटकत होता. वीतभर फाटली. मी तिथेच खाली बसले आणि रडले, लाज कसली सांगायला. दुसऱ्या दिवशी केबिन रोडच्या बाजारात जाऊन तीन दुकानांत त्या रंगाचा धागा शोधला, रफूवाल्याच्या हातापाया पडले. बाईंनी साडी उलगडून रफूवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता घेऊन गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या घरची पाच ब्लाउजं माझ्याकडे यायची होती, ती आलीच नाहीत.

आमच्याकडे उत्तनहून एक मावशी मासळी घेऊन येतात, आठवड्यातून दोनदा. त्यांचं स्वतःचं घर, मागे अंगण, चार मांजरी. त्या आल्या तशी मी म्हटलं, मावशी, हा घेऊन जा. अंगण आहे, मासळी आहे, बोक्याला आणखी काय हवं? मावशींनी टोपली खाली ठेवली. बोका फ्रिजवरून त्यांच्याकडे बघत होता, त्याही बघत राहिल्या.

"याला भूक न्हाय बाय," त्या म्हणाल्या. "याला काम पायजे."

माझं डोकंच सटकलं. काम पाहिजे म्हणे. काजं-बटणं करायला बसवू का त्याला माझ्या शेजारी? मावशी हसल्या, म्हणाल्या, चार दिवस ठेवून बघते, पुढचं पुढे. मी त्याच दुपारी रिक्षा केली. उत्तनच्या बंदरापर्यंत तो पिंजऱ्यात ओरडत होता आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असं बघत होता, जसं काही मी कुणाचं पोर पळवलंय.

मुलीला मी विचारलं नव्हतं. बोका तिचा, आणि सांभाळायचा शब्द मी दिलेला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा म्हटलं, झोपलाय. खोटं बोलायला काही जड गेलं नाही, इतकी वैतागले होते. घर शांत होतं. एका बैठकीत तीन ब्लाउज संपवले. सकाळी सातपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, झोपलाय. ती म्हणाली, "एवढा कसा झोपतो गं हल्ली?" मी विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मावशींचा फोन. आल्यापासून जाळ्यांच्या ढिगाखाली शिरून बसलाय, अन्नाला तोंड लावलं नाही, हात घातला की फुसफुसतो. त्यांच्या मांजरी ढिगाभोवती फेऱ्या मारतायत. "मरंल गं तो," मावशी म्हणाल्या. मी घरच्या साडीतच चप्पल घातली आणि निघाले.

अंगणात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. माझ्या हिशेबाने हा बोक्यांचा स्वर्ग. बाजूच्या शेडमध्ये निळ्या जाळ्यांचा ढीग, आणि खाली अंधारात दोन डोळे. मी उकिडवी बसले. मुलगी मारते तशी गोड हाक मारली, त्याच्या इंग्रजी नावाने. डोळे हलले नाहीत. मांदेली सरकवली. ती मावशींच्या मांजरीने नेली. गुडघे भरून आले, पाठीला घाम, आणि त्यात मुलीचा व्हिडिओ कॉल. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तेव्हा माझा तोल गेला.

"अरे मेल्या, किती नाटकं करशील? निघ बाहेर! तिकडे माझी कामं पडलीयेत, तुझ्या बापाने करायची का?"

जाळं हललं. आधी नाक आलं, मग मिशा, मग सरपटत सगळा बोका. शेपटीला जाळ्याचा धागा अडकलेला. सरळ माझ्याकडे आला आणि डोकं माझ्या गुडघ्यावर दाबून उभा राहिला. त्याचं अंग थरथरत होतं. घरात दीड वर्षं मी त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या सुरात बोललेच नव्हते.

फोन तिसऱ्यांदा वाजला. उचलला. मागचे बोंबील, जाळी, मी आणि गुडघ्याला टेकलेला तो, सगळं तिला दिसलं.

"आई, देऊन टाकलंस त्याला?"

"दिला होता," मी म्हटलं. "न्यायला आलेय."

तिने मला फोन त्याच्या तोंडाजवळ धरायला लावला. मग विचारलं, काठी कधी वापरलीस का? मी नाही म्हटलं. 

घरी आल्यावर स्टूल लावून माळ्यावरून ती काठी काढली, प्लास्टिक फाडलं. आता सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. ग्राहकांच्या साड्या कडी लावलेल्या कपाटात असतात, रिळं डब्यात. खालच्या बाईला सांगून टाकलंय की उड्या आता सातनंतर ऐकू येतील. वैताग काही गेलेला नाही. हात दुखतो, पिसं गळतात, आणि ही पंधरा मिनिटं कधी पंधरात संपत नाहीत. सुरुवातीला मी मुकाट्याने काठी हलवायची, तर तो नुसता बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. मी "ऊठ मेल्या" म्हटलं की मग उडी मारतो.