कधीराव

त्याला "ये की एकदा जेवायला" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की तो जॅकेटच्या खिशातून छोटी काळी डायरी काढायचा आणि विचारायचा, "कधी?" पहिल्यांदा मी नुसता शेजारधर्म म्हणून बोललो होतो. तोंडातून "शनिवारी" निघून गेलं. शनिवारी ठरल्या मिनिटाला सहा फूट चार इंचांचा, कमरेपर्यंत केस वाढवलेला फिनिश ड्रमर दारात हजर. बायकोने त्याच दिवशी त्याचं बारसं केलं: कधीराव.

हेवी मेटल संगीताचा जन्म आमच्या बर्मिंगहॅमचा, म्हणून कधीराव धरून हे चौघं फिनलंडहून आपला बँड घेऊन आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले होते. स्टेजवर घसा फाटेस्तोवर किंचाळायचे, घरात मात्र चार पुतळे. पहिल्या वर्षी पबच्या माडीवर वीस माणसं ऐकायला असायची, दुसऱ्या वर्षी तीनशे. मी आयटीवाला, हौसेने त्यांची वेबसाइट करून दिली.

कधीरावला खोटं बोलता यायचं नाही. बायकोने कौतुकाने विचारलं, "कारल्याची भाजी कशी झालीय?" तर म्हणाला, "वाईट. भात चांगला आहे." ती आठवडाभर धुमसत होती. पण पुढच्या वेळी तिने त्याला भात जास्त वाढला.

मग लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. सीडी अजून खपत होत्या तेव्हाची गोष्ट. चौघांना मीच गाडीतून नेलं. तिथल्या साहेबाने गाणी ऐकली, टाळ्या वाजवल्या. "ब्रिलियंट, गाईज! वी विल डेफिनेटली बी इन टच." कधीरावने डायरी काढली. "कधी?" साहेब हसला. "व्हेरी सून!" कधीरावने तेही लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात जर्मनीहून विचारणा झाली होती. एका नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवायचं, दोन महिने, गावोगाव. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

परतताना शेजारच्या सीटवरून त्याने मला विचारलं, "जर्मनीला गेलो तर लंडन हातचं जाईल. तू इथे सात वर्षं आहेस. हा माणूस फोन करेल?"

मला उत्तर माहीत होतं. असलं 'इन टच' मी ऑफिसात रोज ऐकत होतो. पण आरशात मागच्या तिघांचे चेहरे दिसले, आणि तोंडावर 'नाही' म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलंय? "करेल की, नक्की करेल," मी म्हणालो.

त्यांनी जर्मनीला नकार कळवला. फोन आला नाही. त्यांच्याऐवजी गेलेल्या बँडची पोस्टरं पुढे आमच्याच स्टेशनवर लागली. गायक आणि गिटारवाला एकमेकांशी बोलेनासे झाले, बेसवाला घरी निघून गेला, आणि उन्हाळा संपेपर्यंत बँडही संपला. त्या साहेबाला मी अजूनही शिव्या घालतो. पण तो परक्यांशी खोटं बोलला होता. मला तर मित्राने विश्वासाने विचारलं होतं. कधीरावने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. मिठी मारली आणि सवयीने म्हणालो, "येतो रे आम्ही फिनलंडला!"

त्याचा हात खिशाकडे गेला. डायरी अर्धी बाहेर आली. माझ्याकडे बघत त्याने ती परत आत सारली.

"हो, नक्की," तो म्हणाला.

तीन वर्षांत आमच्याकडून तो एवढंच शिकला.